आजोबांच्या दुनळीला चालणारं काडतूस

६ ऑगस्ट, रविवार

वर्षभरानं वही उघडली. कारण एवढंच की मला भीती वाटतेय आणि ती कुणाला सांगायची सोय नाही. आई असती तर तिला सांगितलं असतं, आणि ती म्हणाली असती, "डर्व्हला, तुला भ्यायला काहीतरी लागतंच." खरंय. मला शिडीची भीती वाटते, गाईंची वाटते, दारावर टकटक झाली तरी वाटते. पण आजचं वेगळं आहे.

बाबांच्या शिकारीच्या कोटाचं अस्तर उसवलं होतं. शिवायला घेतला तर खिशात नवी काडतुसं. निळी, चकचकीत. बाबांची नेहमीची लाल असतात.

"पोलादाची आहेत," बाबा म्हणाले. "पाणथळीत शिसं बंद केलंय ना फेब्रुवारीपासून. बदकं तळातले छर्रे गिळतात आणि विषबाधा होऊन मरतात म्हणे. आम्ही वरून मारतो त्यानं मरत नाहीत वाटतं!"

"पण आजोबांच्या बंदुकीला पोलाद चालतं का?"

"जातं की आत. बघ." त्यांनी दुनळी काढली, उघडली आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभं राहून एक निळं काडतूस उजव्या नळीत सोडलं. अगदी अलगद बसलं. "बसलं की नाही? बसलं की चाललं."

मग ते काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, बंदूक मिटली आणि कपाटात घालून कुलूप लावलं. दारातून परत आले. "काढलं ना मी ते? पाहिलंस ना तू?" म्हटलं, हो बाबा, हे काय समोर आहे. पुन्हा कुलूप उघडून बघून आले. मी घाबरट म्हणून माझी नक्कल करत होते. पंच्याऐंशीला टेकले तरी खोड जात नाही.

९ ऑगस्ट, बुधवार

मी कामाला असते त्या औषधांच्या दुकानात फर्गल आले होते, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. बाबा आणि ते माझ्या जन्माच्या आधीपासून नदीकाठच्या कुरणात एकाच बांधावर बदकांसाठी दोन लपणं करून बसतात. त्यांना बाबांच्या बंदुकीबद्दल हळूच विचारलं.

"जार्लथच्या बंदुकीत पोलाद?" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की खोकल्याचं औषध बघणारी बाई वळून बघायला लागली. "अगं, ती बंदूक पोपपेक्षा म्हातारी आहे! आधी इगीला दाखवा."

गोळ्या पिशवीत घातल्या तरी ते हलेनात. "घरी कसे आहेत बाबा?"

"कसे असणार? हट्टी."

"हं," म्हणाले. टोपी काढली, परत घातली. "इगीला दाखवाच." आणि गेले. बिलाचे पैसे द्यायचे राहिले, ते मी माझ्या पर्समधून भरले. यांना झालंय काय सगळ्यांना!

१२ ऑगस्ट, शनिवार

इगीकडे जाऊन आलो.

इगी म्हणजे इग्नेशस, बंदुका दुरुस्त करतो. माणूस आहे तिरसट. बाबांनी पाळण्यातून मूल काढावं तशी दुनळी खोळीतून काढली. इगीनं नळ्या सुट्या केल्या, उजेडाकडे धरून आत पाहिलं, खालचे शिक्के भिंगातून वाचले आणि मग एक पितळी मापपट्टी काडतुसाच्या घरात सरकवली.

"पासष्ट मिलिमीटर," तो म्हणाला. "आणि ही निळी किती?"

मी खोक्यावरचं वाचलं. सत्तर.

"पण बसतात!" बाबा म्हणाले.

"बसणारच, जार्लथ. मिटलेलं काडतूस आखूडच असतं. खोक्यावरची लांबी ते उडाल्यानंतरची आहे, तोंड उलगडल्यावरची. ते उलगडायला पुढे जागाच नसेल तर? छर्रे त्या अडलेल्या तोंडातून रेटत बाहेर जाणार. दाब कुठच्या कुठे जातो. आणि वर हे पोलाद. शिसं दबतं, हे नाही दबत. तुमच्या डाव्या नळीचं तोंड तुमच्या वडिलांनी पार आवळून घेतलेलं आहे, लांबच्या बदकासाठी. तिथून कडक छर्रे जाताना तोंड फुगेल. फुगलं तर नशीब म्हणायचं."

"आणि फुटली तर?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

त्यानं नळ्या पुन्हा जोडल्या, बाबांचा डावा हात उचलला आणि बंदूक धरतात तसा नळीखाली ठेवला. "इथे फुटते," म्हणाला. बाबांच्या बोटांपासून अगदी जवळ.

दोन उपाय सांगितले. डाव्या नळीचं तोंड घासून मोकळं करायचं आणि आखूड, हलकी पोलादाची काडतुसं वापरायची.

"माझ्या बापाच्या नळीला कानस लावणार तू?" बाबांचा आवाज असा चढला की इगीचं मांजर कपाटावर गेलं.

"मग बिस्मथ. शिशासारखं मऊ असतं आणि विषारी नाही. पासष्टची मागवावी लागतील, दुकानात कुणी ठेवत नाही. बाकी हिची तब्येत उत्तम आहे." तो परत नळीत डोकावला. "जार्लथ, मागच्या मोसमात उडवलीत ना ही? आत तेलाचा थर नुसता तसाच्या तसा आहे."

"मी साफ ठेवतो," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना स्वच्छतेबद्दल कुणी विचारलेलं आवडत नाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार

आज मरियेचा सण. प्रार्थनेला जाताना गाडी बाबा चालवत होते आणि चर्चचं वळण सोडून पार दूध-डेअरीच्या फाटकापर्यंत गेले. बंदुकीचं बोलत होते म्हणून. मीच नाद लावला, आता मीच भोगते.

प्रार्थनेत माझं लक्ष एकाच गोष्टीवर. बाबांचा डावा हात पुढच्या बाकावर होता. त्या हातानं त्यांनी मला सायकल शिकवली, आईला शेवटचे दोन महिने चमच्यानं भरवलं. मी बोटं बघत बसले. मोजली नाहीत, पण बघत होते.

एकदा वाटतं, गार्डा पोलिसांच्या चौकीत जाऊन सांगावं की परवाना काढून घ्या. मग वाटतं, आई गेल्यावर त्या हिवाळ्यात हा माणूस फक्त बदकांसाठी अंथरुणातून उठला. बंदूक नेली तर काय उरेल? शेगडीसमोरची खुर्ची. तेही मला बघवणार नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

निळी काडतुसं मी कालच फर्गलना देऊन टाकली. त्यांची बंदूक नवी आहे, तिला सत्तर चालतात. बाबांना सांगितलं. सकाळी त्यांनी विचारलं, निळी कुठं गेली? सांगितलं. जेवताना विचारलं, निळी कुठं गेली? सांगितलं, जरा वैतागून. रात्रीच्या चहाला पुन्हा तेच!

"बाबा, पुरे झालं हं," मी म्हटलं. "मला चिडवायचा हा नवा प्रकार मला अजिबात आवडत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "चिडलीस की तुझं नाक आईसारखं होतं," म्हणाले आणि कुत्रीला हाक मारली, "चल, जूनो." टिली जागची हलली नाही. जूनो जाऊन कितीतरी वर्षं झाली. म्हटलं, बघा, कुत्रीसुद्धा तुमच्या थट्टेला कंटाळली.

इगीचा अजून फोन नाही. एक तारखेला शिकारीचा मोसम उघडतो, ती जवळ येतेय. बिस्मथ नाही आलं तर बाबा गुपचूप कुठूनतरी दुसरी काडतुसं उपटतील, मी ओळखून आहे. दुकानात आज श्रीमती लेडविथना त्यांच्या नवऱ्याच्या गोळ्यांची डबी भरून दिली, सोमवार ते रविवार, सकाळ-दुपार-रात्र. बिचारा आपलं घर विसरतो. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला वाटलं मुद्दाम करतोय." माझं लक्ष फोनकडे होतं.

२६ ऑगस्ट, शनिवार

आलं! बिस्मथ आलं! इगीनं एकेक काडतूस मापून दाखवलं. पासष्ट. दोन्ही नळ्यांना चालतील, आवळलेल्या डावीलासुद्धा. "आता ही बंदूक तुझ्या नातवंडांपर्यंत जाईल," म्हणाला. मला मुलंच नाहीत हे त्याला माहीत आहे, पण चांगल्या मनानं म्हणाला.

तरी घरी आल्यावर बसवेना. बाबा अंधारात काडतूस खिशातून चाचपून काढतात, रंग बघत नाहीत. एखादं निळं राहून गेलं असेल तर? कोट, जाकीट, बूट, गाडीचा कप्पा, फडताळं, सगळं उलटंपालटं केलं. निळं एकही नाही. कोठीत मागच्या वर्षीच्या लाल काडतुसांचं खोकं मात्र सापडलं. ऑक्टोबरात मीच शहरातून आणलं होतं. वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही.

"बाबा, हे तसंच? अख्खा हिवाळा तुम्ही जात होतात की!"

"बदकं उंच होती," ते म्हणाले.

खरंच की, गेल्या हिवाळ्यात घरात एक बदक आलं नाही. मला सोलावं लागलं नाही म्हणून मी खूश होते. पण किती चिकट असावं माणसानं! एक काडतूस वाया जाऊ नये म्हणून बदक अगदी नाकावर येऊन बसायची वाट बघत बसले असणार.

३१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पहाटे. दुकानातून सुट्टी घेतली आणि बाबांना सांगितलं, मी बरोबर येतेय.

"बायका बडबडतात. बदकं पळतात."

"फर्गल माझ्या दुप्पट बडबडतात."

"म्हणून तर त्याला लांबच्या लपणात बसवतो."

पण मी हटले नाही. खरं सांगायचं तर मला काडतूस आत जाताना डोळ्यांनी बघायचंय. इगीनं सांगितलंय, मापून दाखवलंय, तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. काही व्हायचंच असेल तर मी तिथं असलेली बरी. काय करणार आहे मी तिथं असून? रक्त थांबवायला पट्ट्या घेतल्यात पिशवीत. दुकानातल्या सगळ्यात मोठ्या.

बाबांनी आपले बूट दाराशी नीट लावून ठेवले. मग म्हणाले, "ये. बरं होईल तू आलीस तर." इतक्या मऊपणे म्हणाले की मला शंकाच आली.

१ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहिते. नाहीतर लिहूनच होणार नाही.

कुरणात धुकं होतं. फर्गल पलीकडच्या लपणात, त्यांच्या खोकल्यावरून कळत होतं. आम्ही लव्हाळ्यात फळीवर बसलो, टिली पायाशी. सहा बिस्मथची काडतुसं मी स्वतः बाबांच्या उजव्या खिशात घातली होती. मला ती आत जाताना बघायची होती, पण तेवढ्यात टिली पाण्यात घुसली, तिला ओढेपर्यंत बंदूक मिटलेली आणि बाबांच्या मांडीवर.

उजाडता उजाडता पहिली जोडी आली. हिरव्या डोक्याचा नर पुढे. बाबा उठले, आणि काय सांगू, पंच्याऐंशीचा माणूस नव्हताच तो. बंदूक खांद्याला लागली, नळ्या बदकाच्या मागून पुढे निघून गेल्या. मी डोळे मिटले, कानांवर हात. काहीच वाजलं नाही. डोळे उघडले तर बदकं नदीपार.

"उंच होती," बाबा म्हणाले. उंच कसली! मी काठीनं पाडली असती.

दुसरी चार आली, आणखी खाली. पुन्हा तसंच. बंदूक वर गेली, नळ्या सुंदर फिरल्या आणि गप्प. तेव्हा कळलं. बाबा घाबरलेत! महिनाभर मी आणि इगीनं त्यांच्या डोक्यात फुटलेल्या नळ्या भरल्या, आता त्यांना चाप ओढवेना. मला इतकं वाईट वाटलं.

"बाबा, ओढा बिनधास्त," मी म्हटलं. मी! "इगीनं दहादा मापलंय. मऊ आहेत ती, शिशासारखी. काही होणार नाही. मी आहे ना इथे."

त्यांनी बंदूक उघडून माझ्यासमोर धरली. दोन्ही नळ्या रिकाम्या. आरपार पाणी दिसत होतं.

"भरायला विसरलात? थांबा, मी देते." मी त्यांच्या खिशात हात घालायला गेले.

त्यांनी माझं मनगट धरलं. "नोव्हेंबरात मी हिला भरलेली घरी आणली, डर्व्हला. शेगडीशेजारी टेकवून ठेवली. सकाळी तू चहा करत होतीस, नळ्यांच्या समोर उभी, गाणं म्हणत. आणि मला काही केल्या आठवेना, काडतुसं काढली होती की नव्हती. तू दूध आणायला गेलीस तेव्हा उघडून पाहिली. दोन्ही आत होती."

मी म्हटलं, एकदा होतं कुणाचंही.

"एकदाचं मला माहीत आहे. बाकीचं कोण मोजणार? तेव्हापासून घालत नाही. फर्गलला ठाऊक आहे. तुला सांगणार होता, मी त्याला शपथ घातली." मग हसले, पण नेहमीसारखं नाही. "बंदुकीला काही झालेलं नाही गं. तुम्ही उगाच तिच्या मागे लागलात. मला वाटलं, तेवढंच तुझं लक्ष तिकडे राहील."

आणि मग सगळं एकदम अंगावर आलं. निळी कुठं गेली. जूनो. चर्चचं वळण. श्रीमती लेडविथ काय म्हणाल्या होत्या ते. मी रोज त्या डब्या भरते! सोमवार ते रविवार भरून लोकांच्या हातात देते आणि घरी येऊन बापावर खेकसते. मला रडू आवरेना. बाबा म्हणाले, "हळू, हळू. बदकं पळतील."

थोड्या वेळानं त्यांनी दोन काडतुसं काढून माझ्या तळव्यावर ठेवली. "तू मार. एकदा ऐकायचीय मला ती."

परवाना त्यांच्या नावावर, चाप ओढणारी मी. गार्डानं बघितलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण भरली. त्यांनी माझा डावा हात नळीखाली नीट बसवला, बरोब्बर तिथेच, इगीनं दाखवलं होतं तिथे. समोर एकही बदक नव्हतं. मी रिकाम्या पाण्यावर उजवी ओढली, आणि थांबले तर पुन्हा जमणार नाही म्हणून लगेच डावी.

खांदा मोडला असं वाटलं. बोटं सगळी जागेवर.

"जार्लथ!" धुक्यातून फर्गल ओरडले. "लागलं का?"

"नाही!" बाबा ओरडले. "पण वाजली!" आणि लहान मुलासारखे हसले. बंदूक त्यांनी स्वतः उघडली, रिकामी टरफलं काढली, दोन्ही नळ्यांत करंगळी घालून पाहिली आणि मला म्हणाले, "आता हिला इगीकडे ठेवून ये. मी मागितली तरी आणायची नाही. कबूल कर." मी कबूल केलं. घरी येताना रस्त्यातच इगीकडे थांबलो. बाबांनी दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि आधी बाहेर पडले. इगीनं पावती लिहायला घेतली.

मला वाटलं होतं, सगळ्यात कठीण जे होतं ते बाबांनी स्वतःच केलं. गाडीत मी त्यांचा हात धरून बसले होते. भीतीबरोबर एक हलकेपणाही होता, खोटं कशाला लिहू.

दुपारी ते झोपले. संध्याकाळी चहाच्या वेळी स्वयंपाकघरात आले तर अंगात शिकारीचा कोट.

"डर्व्हला, उद्या पहिली तारीख ना? कपाट रिकामं कसं? बंदूक कुठंय?"

मी सकाळचं सगळं सांगितलं. का सांगितलं? वाटलं, आठवेल. त्यांचेच शब्द होते. म्हटलं, तुम्हीच म्हणालात बाबा, नोव्हेंबरात भरलेली घरी आणली म्हणून.

त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. रंगच उडाला. "मी?" म्हणाले. "भरलेली? इथे?" शेगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू कुठं होतीस तेव्हा?" टेबल धरून खाली बसले. नोव्हेंबरात ते एकट्यानं सोसलं होतं त्यांनी, आज मी ते पुन्हा पहिल्यापासून त्यांच्या हातात दिलं. मी शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत राहिले. हळूहळू श्वास जागेवर आला. मी उठून ब्रेड कापायला घेतला, दोघांना अंडी उकडली.

अंडी टेबलावर आणली तेव्हा ते कोटाचं बटण चाळवत होते. चेहरा स्वच्छ झाला होता, सकाळसारखा.

"उद्या पहिली तारीख," म्हणाले. "बंदूक कुठंय गं?"

माझ्या हातात गरम भांडं होतं. ते खाली ठेवलं.

"इगीकडे आहे, बाबा," मी म्हटलं. "नळ्या तपासतोय."

"हां. बरं केलंस." त्यांनी अंडं फोडलं. "चांगला माणूस आहे. सावकाश बघू दे त्याला. घाई नको." आणि मीठ मागितलं.